‘रिटुक्सिमॅबला साइड इफेक्टच नसतात’ म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवरचं रिटुक्सिमॅब हे औषध फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, म्हणून साइड इफेक्ट नाहीत. थंडी वाजली तर औषध सोसलं नाही, पुढचे डोस घेऊ नका. केस गळाले तर टार्गेटेड, म्हणजे नेमक्या पेशींवरच्या औषधाच्या नावाखाली साधी केमो दिली असं समजा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातलं काहीच टिकत नाही.

हे औषध बी-पेशी या रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरचं सीडी-२० हे प्रथिन पकडतं. ते निरोगी बी-पेशींवरही असतं. त्यामुळे त्याही जातात आणि पुन्हा भरून यायला साधारण ६ ते १२ महिने लागतात. तोवर संसर्गाची भीती राहते. अंगात दबून बसलेली हिपॅटायटिस बी उसळू शकते, म्हणून पहिल्या डोसआधी तिची रक्ततपासणी करतात. बिल वाढवायला सांगितलीय असं समजून ती टाळू नका.

आता थंडीचं. पहिल्या सलाईनला हुडहुडी, ताप, अंगावर पित्त उठणं, बीपी उतरणं हे बऱ्याच जणांना होतं, बहुधा पहिल्या अर्ध्या ते दोन तासांत. म्हणून तर आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचं औषध देतात, सलाईनही तासाला ५० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेतात. त्रास झाला की थांबवतात, ओसरला की निम्म्या वेगाने पुन्हा लावतात. पुढच्या डोसांना तो बहुधा कमी होतो. क्वचित दम लागतो, घसा आवळतो. तशा वेळी औषध कायमचं बंद करायचं का, हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील, ग्रुप ॲडमिन नव्हे. बीपीची गोळी रोज घेत असाल तर डोसच्या दिवशी ती घ्यायची का, हेही त्यांनाच आधी विचारा.

केसांचा मुद्दा तर उलटाच. आर-चॉप या लिम्फोमावरच्या एकत्रित उपचारातला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब. सोबत आणखी चार औषधं असतात. केस गळतात ते मुख्यतः डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडमुळे, बोटं बधिर होतात ती व्हिन्क्रिस्टीनमुळे. यात फसवणूक कसली?

मेसेजमध्ये जे नाही ते जास्त धोक्याचं आहे. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात अंग तापलं की ‘पावसाचा ताप’ म्हणून दोन दिवस अंगावर काढतात. आर-चॉप चालू असताना पांढऱ्या पेशी उतरतात. अशात १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं, सकाळच्या बसची वाट पाहायची नाही.