अर्कर्टचा किल्ला कोणी उडवला?

स्कॉटलंड सहलीच्या फोटोंखाली एक ओळ हमखास फिरते: ‘लॉख नेस सरोवराकाठचा अर्कर्ट किल्ला जॅकोबाइट बंडखोरांनी तोफा डागून पाडला.’ घडलं नेमकं उलट. जॅकोबाइटांनी, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या समर्थकांनी, वेढा घातला होता, पण किल्ला काही त्यांच्या हाती लागला नाही. १६९२ मध्ये सरकारी शिबंदी गड सोडून निघाली, तेव्हा मागून बंडखोरांना तो वापरता येऊ नये म्हणून तिनेच दरवाजाचे बुरूज दारूने उडवले. त्या स्फोटात निखळलेले बांधकामाचे अजस्र तुकडे आजही दरवाजापाशी पडलेले आहेत. गेलात तर आधी ते बघा, मग सेल्फी. ग्रँट मनोऱ्याची एक बाजू मात्र माणसाने पाडलेली नाही, ती १७१५ च्या वादळात ढासळली. बरेचसे दगड गावकऱ्यांनी नेले. नेसीचा, म्हणजे या सरोवरातल्या दंतकथेतल्या अजस्र प्राण्याचा, यात काही हात नाही!