पाटणचेरूचं पाणी लातूरच्या नळाला? नदी उलटी वाहत नाही

लातूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पाटणचेरूच्या औषध कारखान्यांचं पाणी मांजरा धरणात उतरतंय, नळातून रोज अँटिबायोटिक पोटात जातंय, उकळून प्या.’ सोबत फेसाळलेल्या नाल्याचा फोटो.

पाटणचेरू म्हणजे हैदराबादजवळची औद्योगिक वसाहत, आणि तिथला प्रकार खोटा नाही. तिथल्या सांडपाणी केंद्रातून प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं. 2007 मध्ये ते प्रसिद्धही झालं. पण राव, नकाशा तरी बघा. मांजरा निघते बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या डोंगरात. मग धनेगावचं धरण (तेच मांजरा धरण), लातूर, बीदर, आणि त्यानंतर कुठं तेलंगणातलं संगारेड्डी. पाटणचेरूचा नक्कावागू ओढा तिला तिथं मिळतो. ते पाणी वर चढून लातूरला येणार कसं? (2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तेवढं सोडा.) हां, पुढे नदी उत्तरेला वळून नांदेडच्या सीमेवरून गोदावरीत जाते, तो भाग वेगळा.

उकळण्याचं म्हणाल तर जंतू मरतात, म्हणून जरूर उकळा. बहुतेक औषधं मात्र वाफेबरोबर उडून जात नाहीत. पातेल्यातलं पाणी आटलं की उरलेल्यात अंश उलट दाट होतो.

आपल्या सांडपाण्यात औषध येतं ते आपल्याच घरांतून आणि दवाखान्यांतून. गोळीचा काही भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि नगरपालिकेची नेहमीची केंद्रं मैला काढायला बांधलेली, औषध काढायला नव्हे. मुदत संपलेलं सिरप बेसिनमध्ये ओतलं, तर तेही त्याच गटारात.