लॅपटॉपची बॅटरी फ्रीझरमध्ये ठेवून काहीही होत नाही, झालं तर वाईटच होतं

‘जुना लॅपटॉप सुरू होत नाही? दुकानात पैसे घालवू नका! घरच्या घरी करा हे ५ उपाय’ या मथळ्याचा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यातले उपाय असे: बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी काढल्याबरोबर चार्जिंगला लावा. पॉवरचं बटण ६० सेकंद दाबून धरा. रॅम (तात्पुरत्या मेमरीची पट्टी) काढून खोडरबरानं घासा. मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) हेअर ड्रायर मारा, म्हणजे सुटलेलं सोल्डर (भाग जोडणारा डाग) वितळून पुन्हा बसेल. आणि एवढं करूनही सुरू झाला नाही तर मदरबोर्ड गेला, डेटाही गेला, सरळ भंगारात द्या.

परवा आत्याचा फोन आला. “अरे, ती बॅटरी फ्रीझरमध्ये उभी ठेवायची की आडवी?” मेसेज तिला सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, आणि पाठवणारे गृहस्थ निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे शंका घ्यायचं तिला कारणच नव्हतं. लॅपटॉपमध्ये काकांच्या आजारपणाचे सगळे रिपोर्ट आणि घराच्या कागदांचे स्कॅन आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी फ्रीझर. मुळात बॅटरी पार मेलेली असली तरी जुना लॅपटॉप अडॅप्टरवर सुरू होतोच. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक मॉडेलांची बॅटरी खालच्या दोन खटक्या सरकवून निघते. ती काढून बाजूला ठेवा, नुसता अडॅप्टर लावा, बटण दाबा. सुरू झाला तर दोष बॅटरीचा. नाही झाला तर बॅटरीचा संबंधच नाही, मग ती फ्रीझरमध्ये ठेवून काय मिळणार? हे तपासायला दोन मिनिटं पुरतात, पण मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

आता धोका. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर असतो. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावर हे स्वच्छ लिहिलंय, आणि ते बॅटरी तपासायची उपकरणं बनवणाऱ्या कॅडेक्स कंपनीचं आहे, कुणा यूट्यूबवाल्याचं नाही. गोठणबिंदूखाली चार्ज करताना लिथियमला बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थराच्या आत शिरायला वेळ मिळत नाही, ते वरच धातूच्या रूपात साचत जातं. हा थर नंतर कितीही वेळा चार्ज-डिस्चार्ज केलं तरी जात नाही. बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि आतून शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. ‘काढल्याबरोबर चार्जिंगला लावा’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यात घातक आहे. बहुतेक पॅकमध्ये तापमान बघणारा सेन्सर असतो आणि पॅक फार थंड असला तर तो चार्जिंग सुरूच होऊ देत नाही. तेवढ्यामुळेच बरेच लोक वाचतात. पण दहा वर्षं जुन्या पॅकच्या सेन्सरवर कुणी भिस्त ठेवावी?

शिवाय ओल. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला जसं पाणी सुटतं, तसं ते बॅटरीच्या पत्र्यांवर आणि आतल्या सर्किटवरही सुटतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत तर विचारूच नका. आणि बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे खालचं झाकण वर आलंय किंवा टचपॅड दाबला जात नाही, तर तिला फ्रीझरमध्ये, चार्जिंगला, कुठेच लावायचं नाही. दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

यात खरं आहे ते इतकंच, की थंड जागी, अर्धवट चार्ज करून ठेवलेली बॅटरी हळू म्हातारी होते. पण ती न वापरायच्या बॅटरीची साठवण झाली, तीही फ्रीझरमध्ये नाही. मेलेली बॅटरी त्यानं जिवंत होत नाही.

उलट गुन्हेगार पुष्कळदा अडॅप्टर असतो. त्यावर व्होल्ट लिहिलेले असतात, बहुधा १९ किंवा १९.५. गल्लीतला इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर लावून तेवढे येतात का, ते लगेच सांगेल. डेलच्या जुन्या अडॅप्टरच्या टोकात मधोमध एक बारीक पिन असते, लॅपटॉप तिच्यावरून अडॅप्टर ओळखतो. ती वाकली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि लोक नवी बॅटरी आणून बसतात.

बटण दाबून धरायचा उपाय बरोबर आहे, मान्य. कंपन्याही तो सांगतात. पण मेसेजमध्ये मुख्य गोष्टच गाळली आहे: आधी अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढायची असतात. मग पंधरा-वीस सेकंद बटण धरलं की बोर्डात उरलेला चार्ज निघून जातो. साठ सेकंदांची गरज नाही.

खोडरबराचं अर्धं खरं आहे. दुकानदारही कधी कधी तेच करतात. पण बहुतेक वेळा रॅम काढून पुन्हा खटकन बसवल्यानंच काम होतं, घासल्यानं नाही. रबराचा चुरा खाचेत गेला की नवीनच दुखणं. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. आणि आधी दिवे बघा: डेलच्या बऱ्याच मॉडेलांत दिवा दोनदा नारिंगी, तीनदा पांढरा लुकलुकला तर रॅम सापडत नाहीये असा अर्थ. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर लॅपटॉप सुरूच आहे, फक्त बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनच्या मागचा दिवा, गेलाय.

हेअर ड्रायरचं म्हणाल तर शिसं नसलेलं सोल्डर वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. तुमचा ड्रायर तिथवर जात नाही. त्याआधी प्लास्टिकचे कनेक्टर मात्र वाकतील. या समजुतीचं मूळ बहुधा २००८ च्या आसपासच्या लॅपटॉपांत असावं. त्या वर्षी जुलैमध्ये चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीनं लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमधल्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. दोष चिपच्या पॅकेजिंगमध्ये होता. अशा चिप तापवल्यावर काही दिवस चालायच्या, म्हणून लोकांना वाटलं दुरुस्ती झाली. पुन्हा बंद पडायच्याच.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. मदरबोर्ड गेला म्हणजे डेटा गेला, हे साफ खोटं आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये डेटा साठवणारी हार्ड डिस्क वेगळी असते, दोन-चार स्क्रू काढले की हातात येते. काही शे रुपयांत मिळणाऱ्या यूएसबी केसमध्ये ती घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी जोडता येते. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन, लावलेलं असेल तर मात्र त्याची रिकव्हरी की (ते उघडायचा लांबलचक आकडा) लागेल. मेसेजवर विश्वास ठेवून डिस्कसकट लॅपटॉप भंगारात दिला, तर आपले फोटो तर जातातच, वर पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट परक्या माणसाच्या हातात पडतात. सुरू होत नाही म्हणून आत काही उरलं नाही, असं समजू नका.

एकच बाब सांभाळा. डिस्क जोडल्यावर टकटक आवाज यायला लागला तर ताबडतोब केबल काढा. पुन्हा पुन्हा लावून बघाल तर डिस्कवर चरे पडून उरलेलाही डेटा जाईल. तशी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, आणि काम हाती देण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून घ्या.