खासगी पार्किंग कंपनीचे पत्र आले की घाबरून पैसे भरू नका, आणि ते फाडूनही टाकू नका

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी गटांमध्ये एक प्रश्न सतत येत असतो, आणि नवे विद्यार्थी किंवा कंपनीने पाठवलेली कुटुंबे इथे आली की तो हमखास वाढतो. सुपरमार्केटच्या किंवा रिटेल पार्कच्या आवारात गाडी लावल्याबद्दल कुठल्याशा पार्किंग कंपनीचे पत्र आले आहे, १०० पौंड मागितले आहेत, १४ दिवसांत भरले तर ६० पौंडांत मिटेल असे लिहिले आहे. याचा व्हिसावर परिणाम होईल का? त्याखाली दोन प्रकारची उत्तरे येतात. काही जण म्हणतात, भरून मोकळे व्हा, परक्या देशात नसती भानगड नको. बाकीचे म्हणतात, खासगी कंपनीला कसलाही अधिकार नसतो, पत्र फाडून टाका. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यांतले दुसरे तर आपल्या माणसांना खरोखर गोत्यात आणणारे आहे.

पत्र हातात आल्यावर सर्वांत आधी ते कोणाचे आहे हे पाहावे. कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, पेनल्टी चार्ज नोटीस हा कायद्याने लावलेला दंड असतो. खासगी कंपनीची पार्किंग चार्ज नोटीस ही दंडाची नोटीस नसून पैशांची मागणी असते. दोन्हींना लोक पीसीएन म्हणतात आणि कागदाची मांडणीही बऱ्याचदा सारखीच दिसते, त्यामुळे गोंधळ होणे साहजिक आहे. कंपनीचे म्हणणे एवढेच असते की आवारातल्या फलकावरच्या अटी मान्य करून तुम्ही गाडी उभी केली, म्हणजे तुमचा आमच्याशी करार झाला, आणि तो तुम्ही मोडला. हा निव्वळ दिवाणी मामला आहे. पोलिसांत कसलीही नोंद होत नाही आणि लायसन्सवर पॉइंटही पडत नाहीत.

‘फाडून टाका’ हा सल्ला २०१२ पूर्वी बऱ्याच अंशी चालून जात असे, कारण गाडी नेमकी कोण चालवत होते हे कंपनीला सिद्ध करावे लागे. त्या वर्षीच्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेवर चाकाला क्लॅम्प लावून गाडी अडकवण्यावर बंदी आणली, पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने, काही अटी पाळल्या तर गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून) पैसे मागण्याची मुभाही कंपन्यांना दिली. पुढे चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांची मर्यादा जवळजवळ तासाभराने ओलांडलेल्या बॅरी बीव्हिस यांनी ८५ पौंडांची मागणी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते हरले. कंपनीचे प्रत्यक्ष नुकसान किती झाले याला महत्त्व नाही, जागा फिरत्या राहाव्यात यात तिचे रास्त हित आहे, आणि रक्कम मोठ्या ठळक फलकांवर लिहिलेली होती, असा त्या निकालाचा आशय आहे. ‘माझ्यामुळे त्यांचे काय नुकसान झाले’ हा मुद्दा त्या दिवसापासून जवळपास निकामी झाला. मात्र याच निकालाची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे: फलक ठळक होते म्हणून करार टिकला, तेव्हा जिथे फलक झाडाआड आहे, अंधारात आहे किंवा अटी बोटभर अक्षरांतही नाहीत, तिथे तक्रारीला भक्कम आधार मिळतो. म्हणून पत्र आले की शक्य तितक्या लवकर त्या जागी जाऊन, गाडी ज्या वेळी लावली होती त्याच वेळी, फलकांचे फोटो काढून ठेवावेत.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमच्या ओळखीच्या, मूळच्या नाशिकच्या आणि इथे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत नर्स असलेल्या एका मुलीला असेच पत्र आले. त्यात दोन फोटो होते, दोन्हींत फक्त नंबरप्लेट उजळलेली आणि बाकी सगळा काळोख. पहिल्यात सकाळी गाडी आवारात शिरताना, दुसऱ्यात संध्याकाळी बाहेर पडताना. मर्यादा दोन तासांची, आणि मुक्काम दहा तासांहून जास्त असल्याचा आरोप. प्रत्यक्षात ती सकाळी ड्यूटीवर जाताना दूध-पाव घेऊन पाच-सात मिनिटांत निघाली होती आणि परतताना पुन्हा तिथेच थांबली होती. सकाळचे बाहेर पडणे आणि संध्याकाळचे आत येणे कॅमेऱ्याने टिपलेच नव्हते, म्हणून दोन फेऱ्यांची एकच लांबलचक फेरी झाली. हा दोष इतका नेहमीचा आहे की या व्यवहारातले लोक त्याला ‘डबल डिप’ म्हणूनच ओळखतात. ती मात्र व्हिसाचे नूतनीकरण तोंडावर आले म्हणून ६० पौंड भरायला निघाली होती. बँकेच्या स्टेटमेंटवरचे त्या दिवशीचे दोन वेगळे व्यवहार आणि वॉर्डची ड्यूटी-शीट एवढे दोन कागद जोडून अपील केले, आणि मागणी रद्द झाली. कंपनीचे उत्तर दोन ओळींचे होते. त्यात दिलगिरीचा शब्दही नव्हता. जी माणसे हे कागद जोडत नाहीत, त्यांचे ६० पौंड जातात, आणि ती बहुतेक वेळा अशीच, कामाच्या पाळ्यांनी दमलेली आणि सरकारी कागदाच्या धाकात असलेली माणसे असतात. मला राग येतो तो याचा.

अपील लिहिताना कीपर म्हणून लिहावे आणि गाडी कोणी चालवली हे सांगू नये. यात खोटे बोलणे काही नाही. चालकाचे नाव सांगण्याची कायदेशीर सक्ती पोलीस करू शकतात, खासगी कंपनी नाही. केवळ कॅमेऱ्यावर विसंबलेली नोटीस, गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत कीपरपर्यंत पोहोचली नसेल, तर कीपरवर जबाबदारी टाकता येत नाही. अशा वेळी आपणच पत्रात ‘मी गाडी लावली’ असे लिहून दिले की हा बचाव संपला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला हे परिशिष्ट लागू नाही, आणि विमानतळासारख्या, स्वतःचे उपनियम असलेल्या जागांचा हिशेबही वेगळा असतो. मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकताना एखादे अक्षर चुकले पण पैसे भरलेले असतील, तर पावती जोडावी. पार्किंग कंपन्यांच्या संघटनांच्या आचारसंहितेप्रमाणे अशी किरकोळ चूक असेल तर मागणी रद्द व्हायला हवी. दुकानाचे आवार असेल तर आधी दुकानाच्या मॅनेजरला खरेदीची पावती दाखवून बोलावे. ज्याने कंपनीला कंत्राट दिले आहे त्याचा एक ई-मेल कित्येकदा सगळ्या अपिलांपेक्षा जास्त काम करतो.

कंपनीने अपील फेटाळले तर पुढची पायरी असते, ती म्हणजे कंपनीबाहेरची अपील सेवा. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असेल तर पॉप्ला, आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर आयएएस. पॉप्लाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. अडचण अशी, की या पायरीवर गेले की ६० पौंडांची सवलत सहसा हातची जाते, आणि माणूस नेमका तिथे कचरतो. आपली बाजू कमकुवत असेल, म्हणजे मर्यादा खरोखरच ओलांडलेली आणि फलकही स्पष्ट असेल, तर सवलतीत भरून टाकण्यात कमीपणा नाही. दिव्यांगांच्या जागेत गाडी घुसवणाऱ्याची बाजू तर मी कधीच घेणार नाही.

त्यानंतर वसुली कंपन्यांची पत्रे सुरू होतात, लाल अक्षरांतली, आणि १०० चे १७० पौंड होतात. हे लोक बेलीफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमावरून जप्ती करणारे अधिकारी, नव्हेत. कोर्टाचा निकाल नसताना त्यांना दारात येऊन वस्तू उचलण्याचा अधिकार नाही. खरी दक्षता दोन कागदांबाबत घ्यावी. एक, दावा लावण्यापूर्वीचे पत्र, ज्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. दुसरा, काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म: तो मिळाल्यापासून १४ दिवसांत पोच दिली, तर बचाव दाखल करायला एकूण २८ दिवस मिळतात. याकडे दुर्लक्ष केले तर तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल लागतो, आणि महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली नाही तर तो सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा निकाल, सहा वर्षे नोंदीत राहतो. घरकर्ज, भाड्याचे घर, फोनचा करार, सगळीकडे तो आडवा येतो. व्हिसाबद्दलचे उत्तरही इथेच आहे. पार्किंगच्या पत्राने व्हिसाला काहीही होत नाही, पण व्हिसाच्या अर्जात तुमच्याविरुद्ध थकबाकीसारख्या कारणाने कोर्टाचा निकाल आहे का, हे विचारतात, आणि तिथे सीसीजे लपवता येत नाही. घर बदलले की लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, पत्ता त्याच आठवड्यात बदलावा, कारण कंपनी डीव्हीएलए या वाहन-नोंदणीच्या सरकारी संस्थेकडून तोच पत्ता घेते आणि कोर्टाचे कागद जुन्या घराच्या दारात पडून राहतात.

डीव्हीएलए हा पत्ता प्रत्येक गाडीमागे २.५० पौंड घेऊन देते. सरकारी नोंदवहीतली माहिती खासगी वसुलीसाठी द्यायची असेल, तर त्या वसुलीचे नियमही सरकारनेच ठरवायला हवेत. पार्लमेंटने २०१९ मध्ये त्यासाठी कायदा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी आचारसंहिता प्रसिद्ध झाली. लंडनबाहेर बहुतेक ठिकाणी कमाल रक्कम ५० पौंड आणि वसुलीच्या जादा आकारावर बंदी, असे त्यात होते. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये ती मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेली संहिता कंपन्यांच्या संघटनांनी स्वतःच लिहिलेली आहे, आणि सरकारने जुलै २०२५ मध्ये पुन्हा नव्याने लोकांची मते मागवली. कायदा होऊन इतकी वर्षे लोटल्यावर पुन्हा मते मागवणे मला अजिबात पटत नाही. भारतीय पासपोर्ट असला, तरी इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या आपल्याला कॉमनवेल्थ नागरिक म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. तेव्हा ज्यांच्याकडे चुकीच्या मागणीचे पत्र आहे, त्यांनी अपिलासोबत त्याची एक प्रत आपल्या मतदारसंघाच्या खासदारालाही पाठवावी आणि २०१९ च्या कायद्याखालची संहिता केव्हा लागू होणार, हे लेखी विचारावे.