खुलासा : चासी नंबरात मूळ रंग लिहिलेला नसतो

‘जुन्या स्पोर्ट्स कारच्या चासी नंबरावरून कारखान्यात दिलेला रंग कळतो’ हा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १९६५च्या फोर्ड मस्टँगचंच बघा : नंबरात वर्ष, कारखाना, बॉडी, इंजिन आणि अनुक्रमांक एवढंच असतं. रंगाचा कोड दारावरच्या वेगळ्या पट्टीवर असतो. जॅग्वार ई-टाइपचा मूळ रंग हवा असेल, तर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून कारखान्याच्या नोंदींवर आधारित प्रमाणपत्र मागवावं लागतं.

पट्टीवरही डोळे झाकून विश्वास नको. दार बदललं की पट्टी दुसऱ्याच गाडीची असू शकते. म्हणून गाडीलाच विचारा. डॅशबोर्डमागे, कार्पेटखाली, दाराच्या पॅनलआड ऊन पोचत नाही, आणि रंगकाम पुन्हा करणाराही तिथे सहसा हात घालत नाही. तिथला थर बाहेरच्या उडालेल्या रंगापेक्षा कितीतरी खरा. मात्र सर्वांत खालचा लालसर किंवा राखाडी थर बहुधा प्रायमर, म्हणजे रंगाआधी दिलेलं अस्तर, असतो. त्यालाच मूळ रंग समजून अख्खी गाडी रंगवू नका, कळकळीची विनंती आहे.

१९५३ची कॉर्व्हेट हा सोपा अपवाद : तयार झालेल्या सगळ्या ३०० गाड्या पोलो व्हाइटच होत्या.