दोन बोल्ट तुटले आणि गाडी तीन दिवस जॅकवर

माझ्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट तुटले. शेजारशेजारचे, चाक ज्यावर बसतं त्या हबला पार लागून. का तुटले तेही मला माहीत आहे. कसाऱ्याखाली पंक्चर काढलं तेव्हा त्या पोराने नट आवळायची मशीन, म्हणजे गन, लावली आणि नट बसल्यावरही टर्रर्र करत राहिला. ओरडलो त्याच्यावर, तर म्हणे, "टाइट असलेलं बरं ना, शेठ." अरे, बरं नसतं! बोल्ट मर्यादेबाहेर ताणला की तो परत आखडत नाही. मग चाक धरायचं कुणी?

तुटले ते तुटले. खरा संताप पुढे आहे. नाशकात चार दुकानं पालथी घातली, हातात जुना बोल्ट घेऊन. 22 एमएम, 1.5 चा आटा, हे सगळ्यांना पाठ. लांबीसुद्धा जुन्याला लावून बघतात. पण डोक्याखाली जे बारीक दाते असतात, जे हबच्या भोकात रुतून बोल्टला जागचा हलू देत नाहीत, त्या दात्यांचं माप कुणीही विचारलं नाही. एकानेही नाही! खोक्यावरही ते लिहिलेलं नव्हतं. मी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर मागितला तर दुकानदार चिडला, "भाऊ, हाच लागतो, सगळे हाच नेतात." शेवटी माझाच व्हर्नियर लावला. अर्धा मिलिमीटर बारीक. असा बोल्ट भोकात नुसता सरकतो. नट आवळायला गेलं की सोबत फिरतो, सोडवायला गेलं तरी फिरतो.

मिस्त्री काय म्हणाला माहीत आहे? "ढिला असला तर मागून वेल्डिंगचे दोन टाके मारू." डोकंच फिरलं माझं. बोल्टच्या डोक्यावर 10.9 हा मजबुतीचा आकडा कोरलेला असतो तो नक्षी म्हणून नाही. ते पोलाद तापवून, विझवून, मोजून कडक केलेलं असतं. त्यावर वेल्डिंग मारलं की सगळं गेलं. मागचे दोन्ही टायर त्याच दहा बोल्टांवर असतात, आणि घाटात सुटलेलं चाक खालून येणारा मोटरसायकलवाला बघत नाही की अंगणवाडीची भिंत.

चौथ्या दुकानात बरोबर माप मिळालं. दहाच्या दहा घेतले. मिस्त्री म्हणे, आठ तर चांगलेत. कसले चांगले? दोन तुटल्यापासून कोण जाणे किती किलोमीटर ते आठ जण दहाचं ओझं ओढत होते!

मग बसवण्यावरून भांडण. मिस्त्रीला हब न काढता घणाने ठोकायचे, नाहीतर गनने नट आवळून आत ओढायचे. म्हणजे नवा बोल्ट बसवतानाच ताणायचा. मी ऐकलं नाही. एक्सल शाफ्ट काढला, हब उतरवला, रिक्षात घालून प्रेसवाल्याकडे नेला आणि दहाही बोल्ट सरळ दाबून बसवले. ऑइल सील नवं टाकलं. जुनं तसंच ठेवलं असतं तर ऑइल गळून ब्रेकच्या लायनरवर गेलं असतं आणि मग ब्रेकच्या नावाने बोंब. हब आणि रिम जिथे टेकतात तिथला गंज आणि रंगाचे पापुद्रे मीच ब्रशने खरवडले. रंग दबला की नट ढिला पडतो, हे चाळीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्याला मी सांगायचं?

तीन दिवसांचं भाडं बुडालं. आता माल भरलाय. इगतपुरीला गाडी थांबवून दहाही नट पुन्हा समोरासमोर आवळणार आहे, मोजून आवळायचा टॉर्क पाना केबिनमध्येच ठेवलाय. आणि यापुढे गन घेऊन कुणी माझ्या चाकाजवळ आला तर त्याला हात लावू देणार नाही.