प्लास्टर आणि प्लेटलेट

पावसाळ्यात घराचं काम काढायचं नसतं, हे डोंबिवलीत लहान पोरालाही माहीत असतं. पण काम आम्ही काढलंच नव्हतं. ते खालच्या मजल्यावरच्या काकांनी काढायला लावलं. आमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या बाथरूमच्या छतातून पाझरत होतं. त्यांनी सोसायटीला अर्ज दिला, सोसायटीने आम्हाला पत्र दिलं आणि ऐन आषाढात आमचं बाथरूम फोडायचं ठरलं. एकदा बाथरूम फुटणार म्हटलं की घरात 'फोडतोच आहोत तर' सुरू होतं. फोडतोच आहोत तर संडासही करून घेऊ. मग पाइपलाइन. मग ओटा. धूळ होणारच आहे तर रंगही. काकांच्या छतावरच्या एका ओल्या डागाने आमचं अख्खं घर गिळलं. सगळं गणपतीच्या आधी उरकायचं, हे आमच्या कॉन्ट्रॅक्टरने हसत हसत कबूल केलं. तो सगळंच हसत हसत कबूल करतो.

मला ताप भरला त्या दिवशी फोडायचा ब्रेकर ओट्यावर चालू होता. डोळ्यांच्या मागे ठणका, पाठीत ठणका, सांध्यासांध्यात ठणका. दिवसभर मी ते ब्रेकरच्या खात्यावर टाकत होतो. संध्याकाळी ब्रेकर थांबला, ठणके चालूच राहिले, तेव्हा बायकोने थर्मामीटर शोधायला घेतला. थर्मामीटर औषधांच्या डब्यात, डबा कपाटात, कपाटाचं तोंड भिंतीकडे आणि त्याला टेकून सोफा, आईचं देवघर आणि टाइल्सचे खोके. शेवटी शेजारून आणला. 103.

रक्त तपासलं. डेंग्यू. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. ताप आला तर पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही दुखण्यावरची गोळी मनाने घ्यायची नाही. पाणी भरपूर. आणि दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपायचं." दिवसा का, तर हा डास दिवसा चावतो, आणि तापातल्या माणसाला चावला की काही दिवसांनी तो दुसऱ्यांना आजार वाटत सुटतो. म्हणजे मच्छरदाणी माझ्यासाठी नव्हतीच, ती जगाला माझ्यापासून वाचवण्यासाठी होती. हे कानावर गेल्यापासून सुतार माझ्याशी दारातूनच बोलायला लागला.

मच्छरदाणीला दोऱ्या चार. हॉलच्या भिंतींमधले खिळे जुन्या प्लास्टरबरोबर गोणीत भरून गेले होते, आणि नव्या प्लास्टरला हात लावायला गवंडीमामांची साफ मनाई. "ओलं हाय साहेब अजून. खिळा मारला की तडा गेलाच म्हणून समजा." म्हणून एक दोरी खिडकीच्या ग्रिलला, दुसरी दाराच्या कोयंड्याला, तिसरी फ्रीजच्या दाराला आणि चौथी पेंटरच्या घोड्याला, म्हणजे त्याच्या चढायच्या शिडीला, बांधली. कुणी दूध काढायला फ्रीज उघडला की मच्छरदाणी माझ्या नाकावर येई. पेंटरला भिंतीच्या वरच्या टोकाला लांबी (पुट्टी) भरायची असली की तो घोड्याशेजारी अदबीने उभा राही. "साब, घोडा चाहिए था." मी चादर गुंडाळून उठून बसायचं, त्याने घोडा न्यायचा, छताजवळचं उरकून परत आणायचा, दोरी बांधायची. गाठ मात्र माझ्यापेक्षा छान मारायचा.

बायकोकडे त्या काळात पाण्याची दोन खाती होती. सिमेंटचं प्लास्टर निदान 7 दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन भिंतींना पाणी मारायचं. तेवढंच पाणी थोड्या-थोड्या वेळाने मला पाजायचं: नारळपाणी, लिंबूपाणी, पेज, ओआरएस. मामांनी कामावर आल्या आल्या पहिला प्रश्न विचारायचा, "वैनी, पाणी मारलं का?" आणि ती "हो, दोन ग्लास गेले" म्हणायची. मामा हबकून भिंतीकडे बघत.

संडासाचा प्रश्न मी टाळत होतो, पण तो टळणारा नव्हता. आमचा तर पॉटसकट बाहेर काढून ठेवलेला. तेव्हा तापात, बायकोच्या खांद्यावर हात टाकून, एक जिना उतरून खालच्या काकांकडे. काका मोठ्या मनाचे. लगेच दार उघडत, दिवा लावत, पायपुसणं सरळ करत. "या, या. अजिबात संकोच करू नका. फक्त आत बसल्यावर एकदा वर बघा." मी वर बघायचो. नेमका माझ्या टाळूवर आमच्याच घरचा थेंब पडायचा. बाहेरून आवाज यायचा, "पडतंय ना? कालच्यापेक्षा जास्त आहे की कमी?" वाडग्यात पेज आणून देणाऱ्या माणसाला खोटं कसं सांगायचं? मी आतून खरा अहवाल द्यायचो आणि संध्याकाळी तोच अहवाल सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जायचा.

त्याच अहवालांमुळे बाथरूमच्या नव्या वॉटरप्रूफिंगची चाचणी लांबली. कोबा झाल्यावर आउटलेट बंद करून बाथरूममध्ये पाणी कोंडतात आणि खाली उतरतंय का बघतात. दोन-तीन दिवस पुरतात. काका म्हणाले, "राहू दे हो अजून, खात्री होऊ दे." पाणी सोडायला कॉन्ट्रॅक्टर हवा होता, आणि तो भाचीच्या बारशाला गावी गेला होता.

मग महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या दोन मुली आल्या. डेंग्यूचा रुग्ण निघाला की घरी येऊन साठवलेलं पाणी तपासतात. एकीच्या हातात टॉर्च. तिने प्लास्टरला मारायच्या पाण्याच्या ड्रममध्ये टॉर्च मारला आणि दुसरीला हाक मारली. मग बाथरूममध्ये. आमच्या नव्या कोऱ्या वॉटरप्रूफिंगवर, कोंडलेल्या त्या तळ्यात, अळ्या वळवळत होत्या. स्वच्छ, साचलेलं, कुणी न ढवळलेलं पाणी या डासाला फार आवडतं, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. बाथरूममधल्या अळ्या अजून बालवाडीत होत्या. ड्रममधल्या आधीच्या तुकड्या केव्हाच बाहेर पडून कामाला लागल्या होत्या. आई म्हणाली, "म्हणजे आपणच पाळले?" मुलगी समजूत घालत म्हणाली, "आजी, डास तुमचा असेल, विषाणू बाहेरचा. आधी कुणा आजारी माणसाला चावून आलेला असणार." आईला तेवढंच बरं वाटलं. बाहेरच्याचे संस्कार वाईट, हे तिला पटण्यासारखं होतं.

जाताना ती सांगून गेली, "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. ड्रम रिकामा करून, घासून, उपडा घालायचा."

मामांच्या हातातली थापी थांबली. "कोरडा? भिताड जळंल की!"

खरं सांगायचं तर त्या घरात मला सगळ्यात जास्त ज्ञान मामांकडून मिळालं. ताप उतरला त्या दिवशी घरात आनंदीआनंद झाला. मावशी किवी घेऊन आली, माझ्याकडे बघून "उतरलाय चेहरा" म्हणाली आणि तेवढ्यावर मला निकालात काढून टाइल्स बघायला गेली. आईने पपईच्या पानांचा रस आणखी एक कप वाढवला. सुताराने तर पॉलिशचा डबाच उघडला. पण डॉक्टर फोनवर म्हणाले, आता दोन दिवस जास्त जपायचं. या आजारात ताप उतरायच्या सुमारास प्लेटलेट झपाट्याने घसरतात आणि खरा धोका तेव्हाच असतो. पोटात दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर थेट हॉस्पिटल. हे कुणालाच पटेना. ताप नाही म्हणजे माणूस बरा. तेव्हा मामाच भिंतीवर बोटाने टकटक करत म्हणाले, "वरून वाळलं म्हंजी आतून पक्कं झालं आसं नसतंय, मावशी." आणि सुताराला पॉलिशचा डबा बंद करायला लावला.

प्लेटलेट 62 हजारांपर्यंत खाली गेल्या. किमान दीड लाख लागतात. त्या आठवड्यात टाइल्स किती बसल्या हे मला कुणी सांगत नव्हतं, पण माझा आकडा जिन्यात, लिफ्टमध्ये, खालच्या वाण्याकडे सगळ्यांना पाठ होता. मग आकडा चढायला लागला तशी लोकांची चौकशी उतरली. लाखाच्या वर गेल्यावर तर पेंटरने न विचारता घोडा नेला.

कॉन्ट्रॅक्टर गणपतीच्या आदल्या दिवशी बिल घेऊन आला. हसत हसत. ठरल्यापेक्षा बरंच जास्त. खाली 'जादा काम, साहेबांच्या सांगण्यावरून' अशी यादी: बाथरूममध्ये कोनाडा, ओट्याला वरचा ग्रॅनाइट, फॉल्स सीलिंग, घोडा अडकल्याबद्दल पेंटरचा खोळंबा.

"हे मी कधी सांगितलं?"

त्याने मोबाइल काढला. त्यात मी होतो. मच्छरदाणीच्या आत, कपाळावर पट्टी, डोळे अर्धवट. बाहेरून त्याचा आवाज, "साहेब, सीलिंग करून घेऊ का?" आणि आतून माझा, "हं... करा. काय करायचं ते करा."

बायकोने तो व्हिडिओ दोनदा बघितला. मग माझ्याकडे वळली.

"आणि पडद्यांचं विचारलं तेव्हाच बरे कसे शुद्धीवर होतात हो?"